दाढ काढल्यानंतरचे पहिले तीन दिवस: वेदनाशामक गोळ्या कशा घ्याव्यात

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास आमच्या मेडिकलच्या काउंटरवर गालाला रुमाल दाबून उभा असलेला माणूस दिसला, की त्याने दुपारी दाढ काढलेली आहे आणि भूल पूर्ण उतरेपर्यंत एकही गोळी घेतलेली नाही, हे बहुधा न विचारताच कळते. ‘जरा पॉवरची गोळी द्या’ ही त्याची पहिली मागणी असते. सोलापुरात औषधविक्रीच्या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, अशा बहुतेकांच्या खिशातल्या चिठ्ठीवर पुरेशी गोळी आधीच लिहिलेली असते. चुकलेली असते ती फक्त वेळ. दुखणे किती होईल, कधी सुरू होईल आणि कधी ओसरेल याचा अंदाज दाढ काढण्याच्या बाबतीत जितका आधी बांधता येतो, तितका फार थोड्या दुखण्यांच्या बाबतीत येतो, आणि या अंदाजाचा फायदा घेतला तर जास्त पॉवरच्या गोळीची वेळ सहसा येत नाही.

पुढे दिलेल्या मात्रा एरवी प्रकृती ठीक असलेल्या प्रौढांसाठी आहेत. रक्तदाब, मूत्रपिंड, यकृत, दमा, जठराचा अल्सर किंवा गर्भावस्था यांपैकी काहीही असेल, तर त्याविषयीचा भाग आधी वाचावा, आणि सर्वांनीच आपल्या दंतवैद्यांनी लिहिलेली चिठ्ठी या लेखापेक्षा वरची मानावी.

गोळी नेमके काय करते

दाढ निघताना हिरडीला आणि जबड्याच्या हाडाला जखम होते. त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. तीच सूज आणतात आणि तीच मज्जातंतूंची टोके हुळहुळी करून ठेवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात, म्हणून ती जखमेच्या जागीच काम करतात असे म्हणता येईल. पॅरासिटामॉलचे काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालते. त्याने वेदना आणि ताप कमी होतो, सूज मात्र फारशी हलत नाही. ट्रॅमाडोल आणि कोडीन ही अफूच्या वर्गातली, म्हणजे ओपिऑइड, औषधे मेंदू आणि मज्जारज्जूतील विशिष्ट जागांना चिकटून वेदनेचा निरोप बोथट करतात. त्यांचा सुजेशी काही संबंध नसतो, आणि दाढेचे दुखणे तर मुळात सुजेचे दुखणे आहे. ‘पॉवर’ या शब्दाने सर्वांत मोठी फसगत होते ती इथेच.

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. एखादे वेदनाशामक किती उपयोगी आहे हे ठरवण्यासाठी जगभरचे संशोधक अनेक दशके अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच चाचण्या घेत आले आहेत, कारण हे रुग्ण बहुधा तरुण आणि निरोगी असतात, जखम साधारण सारखी असते आणि कळ केव्हा सुरू होणार हे ठाऊक असते. ज्यांत असे रुग्ण मोठ्या संख्येने होते त्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने काढलेले आकडे बोलके आहेत. नुसत्या खोट्या गोळीच्या तुलनेत एका जादा माणसाचे दुखणे किमान निम्म्याने उतरावे यासाठी कोडीन ६० मिलिग्रॅम सुमारे १२ जणांना द्यावे लागते, आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम सुमारे अडीच जणांना, आणि आयबुप्रोफेन २०० अधिक पॅरासिटामॉल ५०० ही जोडी अवघ्या १.६ जणांना; म्हणजे आकडा जितका लहान, तितके औषध गुणकारी. अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या तरुणांना हायड्रोकोडोन किंवा ऑक्सिकोडोन या ओपिऑइड वर्गातल्याच गोळ्या सर्रास लिहून दिल्या जात असत. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन डेंटल असोसिएशनने, २०२४ साली मान्य केलेल्या मार्गदर्शिकेतही आता आयबुप्रोफेनसारखे औषध, एकटे किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने, हीच पहिली पायरी ठरवलेली आहे. इंटरनेटवर वाचून ती अमेरिकन नावे विचारायला येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की, त्यांच्याहून चांगली जोडी आपल्याकडे प्रत्येक मेडिकलमध्ये मिळते आणि तिची किंमत एका चहा-भज्याच्या प्लेटएवढी असते.

पहिली गोळी भूल उतरण्याआधी

खालच्या जबड्याला दिलेल्या इंजेक्शनने ओठ आणि जीभ साधारण तीन ते पाच तास बधिर राहतात. गोळी पोटात गेल्यापासून तिचा पुरता गुण येईपर्यंत अर्धा ते एक तास जातो. म्हणून ओठाला मुंग्या येऊ लागण्याची वाट न पाहता, दाढ काढल्यापासून दोनेक तासांच्या आत पहिली गोळी पोटात गेलेली असावी. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरीही माझी स्वतःची अक्कलदाढ काढली त्या दिवशी ‘अजून तर काहीच दुखत नाही’ म्हणून मी दुकानात बसून राहिलो, आणि चारच्या सुमारास कानापासून हनुवटीपर्यंत अशी कळ उठली की पुढचा दीड तास मी गिऱ्हाइकाला धड उत्तर देऊ शकलो नाही. एकदा उठलेली कळ बसवायला गोळीला फार झगडावे लागते.

समजा, सकाळी ११ वाजता दाढ काढली. दंतवैद्यांनी दाबून धरायला सांगितलेला कापूस पाऊण तासाने काढून टाकल्यावर, साडेबाराच्या आसपास दुसऱ्या बाजूने थोडा गार दहीभात किंवा वाटीभर गार दूध घ्यावे. गाल बधिर असताना तो दातांखाली येऊन चावला जातो, म्हणून चावण्याचे काहीही घेऊ नये. त्यावर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र घ्यावे. त्यानंतर दर सहा ते आठ तासांनी, म्हणजे संध्याकाळी सात आणि रात्री एकच्या सुमारास, पुन्हा तीच जोडी घ्यावी. पहिले दोन दिवस दुखण्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहावे, तिसऱ्या दिवसापासून दुखले तरच गोळी घ्यावी, आणि सरळ निघालेल्या दाढेला तर बहुधा दीड-दोन दिवसांतच गोळी लागेनाशी होते. हाड कोरून काढलेल्या अक्कलदाढेची सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. तेव्हा आरशात गाल फुगलेला दिसला म्हणून घाबरून गोळ्या दुप्पट करू नयेत.

उपवासाचे तेवढे सांभाळावे. आषाढी-कार्तिकीला आपल्या जिल्ह्यात उपवास न करणारे घर विरळाच, आणि आयबुप्रोफेन रिकाम्या पोटी जठराला लागते. त्या दिवशी मऊ भगर, दूध किंवा केळे खाऊनच गोळी घ्यावी. दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी मात्र या आठवड्यापुरती टाळलेली बरी.

स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे

मागे एक तरुण मुलगा तीन स्ट्रिपा घेऊन आला आणि ‘यातली कुठली जास्त चालते?’ असे विचारू लागला. मी तिन्ही स्ट्रिपा काचेवर उलट्या ठेवल्या. दंतवैद्यांनी दिलेली गोळी असिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ यांची होती, ती तो दिवसातून दोनदा घेत होता. घरी पडलेली डोलो ६५०, म्हणजे पॅरासिटामॉलच, तो वरून तीनदा घेत होता, कारण त्याच्या मते ती ‘तापाची’ होती. सर्दी झाली म्हणून घेतलेल्या तिसऱ्या गोळीतही पॅरासिटामॉल ५०० होते, आणि तीही दिवसातून तीनदा चालू होती. स्ट्रिपवर बोट ठेवून आम्ही दोघांनी बेरीज केली: ६५०, १९५० आणि १५००, एकूण ४१०० मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा २४ तासांत ४००० मिलिग्रॅम आहे, आणि रोज दारू घेणाऱ्यांसाठी किंवा यकृत कमजोर असलेल्यांसाठी ती त्याहून बरीच खाली येते. तीन वेगवेगळ्या रंगांच्या स्ट्रिपांवरचे नाव निराळे होते, आतले औषध तेच होते.

म्हणून नवी गोळी तोंडात टाकण्याआधी स्ट्रिप उलटी करून आतली औषधे आणि त्यांचे मिलिग्रॅम वाचावेत. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ दोन्ही असतात, त्यामुळे तिच्यावर आणखी आयबुप्रोफेन घ्यायचे नसते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, केटोरोलॅक आणि निमेसुलाइड ही सारी एकाच घराण्यातली औषधे आहेत. त्यांपैकी एका वेळी एकच घ्यावे, कारण दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, जठराला आणि मूत्रपिंडाला होणारा त्रास मात्र वाढतो. पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक १० मिलिग्रॅमची गोळी दंतवैद्यांच्या चिठ्ठीवर हमखास दिसते आणि ती चांगली लागूही पडते, पण ती दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर आणि पाच दिवसांपलीकडे चालवायची नसते. कात्रीने कापून दिलेल्या अर्ध्या स्ट्रिपवर नाव आणि मुदत दोन्ही राहिलेली नसतील, तर दुकानदाराकडून ती पुडीवर लिहून घ्यावीत. त्यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.

अँटिबायोटिक वेदनाशामक नसते, हेही इथेच सांगून टाकतो. ती लिहिली असेल तर पूर्ण घ्यावी, लिहिली नसेल तर दुखते म्हणून मागू नये.

कोणी कोणती गोळी टाळावी

जठराचा अल्सर किंवा पूर्वी पोटातून रक्तस्राव झालेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, हृदय निकामी होण्याचा त्रास असेल, किंवा ऍस्पिरिनसारख्या गोळीने पूर्वी दम लागलेला असेल, तर आयबुप्रोफेनचे सारे घराणे टाळावे आणि पॅरासिटामॉलवर भागवावे. रक्तदाबासाठी दोन प्रकारच्या गोळ्या, त्यांतली एक लघवी वाढवणारी, घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडावर ही औषधे अधिक भार टाकतात, आणि मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेलेला असताना, तोंड दुखते म्हणून पाणीही कमी प्यायले जात असताना, तो भार आणखी वाढतो. अशांनी दाढ काढण्यापूर्वीच आपल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून दंतवैद्यांसमोर ठेवाव्यात. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून सकाळच्या एसटीने येणाऱ्या वयस्कर माणसांना ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढेच आठवते. त्यापेक्षा पिशवी बरी.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, म्हणजे वॉरफॅरिन, ऍसिट्रोम, क्लोपिडोग्रेल वगैरे, घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये, आणि दाढ काढायची म्हणून त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. हृदयासाठी रोज ऍस्पिरिन ७५ घेणाऱ्यांच्या बाबतीत आयबुप्रोफेनमुळे ऍस्पिरिनचा गुण कमी होऊ शकतो, म्हणून दोन्हींची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. गरोदर स्त्रीसाठी पॅरासिटामॉल ही पहिली निवड आहे. २० आठवड्यांनंतर तर आयबुप्रोफेन टाळावेच. डेंग्यूची शंका असलेला ताप असेल, तर पॅरासिटामॉलखेरीज काहीही घेऊ नये.

मुलांची मात्रा वयावरून नव्हे, वजनावरून ठरते: पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याची आपल्याकडची रीत धोक्याची आहे. मुलांना ऍस्पिरिन देऊ नये, निमेसुलाइडवर भारतात २०११ पासून १२ वर्षांखालील मुलांसाठी बंदी आहे, आणि त्याच वयोगटाला कोडीन किंवा ट्रॅमाडोलही द्यायचे नसते.

ट्रॅमाडोल लिहून दिले असेल तर

काही वेळा ते खरोखर लागते. आडवी रुतलेली दाढ हाड कोरून काढावी लागली असेल, किंवा रुग्णाला आयबुप्रोफेनच चालत नसेल, तर दंतवैद्य ट्रॅमाडोल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी जोडगोळी थोड्या नगांत लिहून देतात. ती आधीच्या गोळ्यांच्या जागी घ्यायची की त्यांच्यावर, हे नीट विचारून घ्यावे. आयबुप्रोफेन चालत असेल तर ते वेळेवर चालूच ठेवून, तरीही झोपू न देणारी कळ राहिली तर रात्री ही गोळी घ्यावी, असा क्रम बहुधा योग्य ठरतो. तिच्यातले पॅरासिटामॉल दिवसाच्या बेरजेत धरायला विसरू नये, आणि तीन दिवसांच्या वर ती लागत असेल, तर गोळीऐवजी जखमेकडे पाहण्याची वेळ आलेली असते.

या गोळीने मळमळते, गरगरते, डोळ्यांवर झापड येते आणि शौचाला कडक होते. ती घेऊन रात्रपाळीला मागावर उभे राहू नये आणि गाडीही चालवू नये. दारू किंवा शिंदी, झोपेची अथवा अल्प्राझोलामसारखी गोळी यांच्याबरोबर ती घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. फिट्स येणाऱ्यांना ट्रॅमाडोलने झटका येऊ शकतो. नैराश्यावरील काही गोळ्यांशी तिचे जमत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने ती घेऊ नये. गोळी घेतलेला माणूस हाक मारून जागा होत नसेल आणि श्वास संथ, तुटक वाटत असेल, तर लगेच १०८ ला फोन करावा. कोडीनची आणखी एक खोड अशी की, शरीरात त्याचे मॉर्फिन झाल्यावरच ते काम करते, आणि हे रूपांतर काहींच्या यकृतात फारच थोडे तर काहींच्यात फार झपाट्याने होते; त्यामुळे तीच मात्रा एकाला निरुपयोगी आणि दुसऱ्याला घातक ठरू शकते.

चिठ्ठीशिवाय ट्रॅमाडोल दिले नाही म्हणून रागावणारे बरेच असतात. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि दिलेले नग वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते, आणि २०१८ पासून ट्रॅमाडोल अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आलेले आहे. दुकानदार नियम दाखवतो तेव्हा तो आडमुठेपणा नसतो. उलट चिठ्ठीवर दहा गोळ्या असल्या आणि गरज चार-सहाचीच वाटत असली, तर तेवढ्याच घ्याव्यात. उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यात किंवा फ्रीजवर वर्षभर पडून राहतात, आणि पुढे कोणाच्या तरी पाठदुखीला किंवा एखाद्या लहान मुलाच्या हाती लागतात.

खड्ड्यातील गुठळी जपणे

दाढेच्या जागी पडलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्याखाली हाड झाकलेले राहते. ती टिकली तर दुखणे आपोआप उतरते, म्हणून तिची काळजी हाही वेदनाशामकाचाच भाग समजावा. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने काही ओढू नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने तोंड हलकेच खळखळून पाणी ओघळू द्यावे. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावावा: आपल्या सोलापुरी टॉवेलचा नॅपकिन यासाठी उत्तम, त्यात बर्फाचे खडे बांधून पंधरा मिनिटे गालावर धरावे आणि पंधरा मिनिटे थांबावे. रात्री उशाला एक उशी जादा घेतली तर ठुसठुस कमी जाणवते.

जेवणाचा पथ्यविचार सोलापूरकरांना जड जातो, हे मान्य आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी किमान आठवडाभर दूर ठेवावी; भाकरीचा कोपरा जखमेला टोचतो, आणि चटणीचा कण खड्ड्यात बसला की तिखट आणि तेल दोन्ही झोंबतात. ज्वारीची आंबील, मुगाची पातळ खिचडी, वरणभात, ताक यांवर दिवस निघतात. आणखी एक पद्धत इथे सांगायलाच हवी: दुखऱ्या जागी लवंगेचे तेल, कापूर, तंबाखूची चिमूट किंवा कुटलेली ऍस्पिरिन दाबून ठेवणे. ताज्या जखमेत यांपैकी काहीही घालू नये. ऍस्पिरिनने तर हिरडी भाजून पांढरी पडते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ वाढली तर

दुखणे दुसऱ्या दिवसानंतर रोज थोडे थोडे कमी व्हायला हवे. ते कमी होत येऊन पुन्हा उसळले, कानात आणि कानशिलात सणक मारू लागली, तोंडाला घाण वास येऊ लागला, तर गुठळी निघून हाड उघडे पडलेले असण्याची शक्यता मोठी असते. दंतवैद्य याला ड्राय सॉकेट म्हणतात. तंबाखू, बिडी, सिगारेट आणि मिश्री यांनी त्याची शक्यता वाढते.

विडी वळण्याचे काम करणाऱ्या एक मावशी चौथ्या दिवशी दुकानात आल्या होत्या. ‘ह्या गोळीनं काहीच होईना बघा दादा, दुसरी जालीम द्या,’ असे म्हणत त्यांनी संपलेली स्ट्रिप काचेवर ठेवली. बोलताना उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक काळे दिसले. विचारल्यावर म्हणाल्या की, दुसऱ्या दिवसापासून मिश्री लावते आहे, तेवढ्यानेच जरा बरे वाटते. त्यांना मी गोळी दिली नाही. त्यांच्या दंतवैद्यांना फोन केला आणि त्यांनी लगेच बोलावून घेतले. ड्राय सॉकेटवर उपाय खड्ड्यातच करावा लागतो: तो सलाइनने धुऊन त्यात लवंगेच्या अर्काचे औषध असलेली पट्टी ठेवतात, आणि ज्या कळेला पोटातल्या गोळ्या दाद देत नाहीत ती पुष्कळदा तासाभरात खाली येते. लवंगेचा उपयोग आहे तो इथे, दंतवैद्यांच्या हातून. पट्टी दोन-तीन वेळा बदलावी लागते आणि तोवर आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची जोडी चालू ठेवता येते.

याखेरीज काही लक्षणांसाठी चौथ्या दिवसाची वाट पाहायची नसते. अर्धा तास कापूस घट्ट दाबूनही भळभळ थांबत नसेल, थंडी वाजून ताप आला असेल, तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच असेल, तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत असेल, किंवा दुसरा दिवस उजाडूनही ओठ बधिरच असेल, तर त्याच दिवशी दंतवैद्यांकडे जावे. जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज उतरून गिळायला अथवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दवाखाना उघडण्याची वेळ न पाहता थेट सिव्हिलच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे, आणि जाताना आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, रिकाम्यासुद्धा, बरोबर न्याव्यात.